मिस क्रॅन्स्टनबाईंचं चहाघर

एडविन लट्यन्स हे नाव आपल्याला ठाऊक आहे ते नव्या दिल्लीमुळे. राष्ट्रपती भवनाचा घुमट उभा राहायला अजून बराच अवकाश होता तेव्हा, १८९७ साली, हा अठ्ठावीस वर्षांचा इंग्रज वास्तुकार स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत आला आणि तिथल्या एका नव्या चहाघरात जाऊन बसला. एमिलीला (त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं) लिहिलेल्या पत्रात त्यानं त्या जागेचं वर्णन केलं. त्यात कौतुक किती आणि थट्टा किती हे सांगणं कठीण आहे. साधेपणा दिसावा म्हणून केवढा तो खटाटोप, असा त्याचा एकंदर सूर. मालकीण स्वतःला 'मिस' म्हणवते आणि असते मात्र कुणाची तरी 'मिसेस', याचीही त्याला गंमत वाटली. पुढे दुसऱ्या एका पत्रात त्यानं धंद्याचं मर्म नेमकं पकडलं. खाणं स्वच्छ आणि स्वस्त, भोवती नव्या कलेची आरास, एवढ्यावर या बाईनं बख्खळ पैसा केला, असं त्यानं लिहिलं.

ती बाई म्हणजे केट क्रॅन्स्टन. तिच्या सांगण्यावरून १९०३ साली ग्लासगोच्या सॉकीहॉल स्ट्रीटवर जी वास्तू सजली, ती विसाव्या शतकाच्या आरंभीच्या युरोपातल्या सर्वांत देखण्या उपाहारगृहांमध्ये मोजली जाते. वास्तुकलेच्या पुस्तकांत तिचे फोटो हमखास असतात. त्याखाली नाव असतं वास्तुकार चार्ल्स रेनी मॅकिन्टॉशचं. नाव योग्यच आहे. पण त्या खोल्या कुणासाठी, कशासाठी आणि कोणत्या हिशेबानं केल्या गेल्या हे पाहायला लागलं की मालकिणीकडेच परत परत यावं लागतं.

केटचा जन्म १८४९चा. वडील बेकरीच्या धंद्यातले. पुढे ग्लासगोच्या जॉर्ज स्क्वेअरमध्ये हॉटेल चालवू लागले. थोरला भाऊ स्टुअर्ट चहाचा व्यापारी. चहा विकत घेण्याआधी गिऱ्हाइकानं तो चाखून पाहावा अशी त्याच्या दुकानात सोय होती. गिऱ्हाईक उभ्यानं चाखतं तर बसूनही पिईल, आणि बसून प्यायलं तर पैसेही देईल, हे त्याच्या लक्षात आलं. १८७५मध्ये त्यानं दुकानातच टेबलं मांडली, सोबतीला पाव आणि केक ठेवले. ग्लासगोतल्या चहाघरांची सुरुवात साधारण इथून धरतात. तीनच वर्षांनी, १८७८मध्ये, बहिणीनं अर्गाइल स्ट्रीटवर स्वतःचं उपाहारगृह काढलं. अविवाहित, एकोणतीस वर्षांची, मध्यमवर्गीय घरातली मुलगी धंद्यात उतरते म्हटल्यावर नातेवाइकांत कुजबुज झालीच असणार. १८९२मध्ये जॉन कॉक्रेन या कारखानदाराशी तिचं लग्न झालं, तेव्हा अर्गाइल स्ट्रीटवरच्या त्या संपूर्ण इमारतीचा भाडेपट्टा त्यानं तिला लग्नाची भेट म्हणून दिला. दागिना नाही, इमारत! पाटीवरचं नाव मात्र 'मिस क्रॅन्स्टन' असंच राहिलं. शहरात चालणारं नाव लग्न झालं म्हणून बदलायचं, असला तोट्याचा व्यवहार करणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

त्यांच्या पोशाखाची एक तऱ्हा होती. भिंतींवर, खुर्च्यांवर उद्याची फॅशन आणणाऱ्या या बाई स्वतः मात्र आईच्या पिढीतले घेरदार झगे घालून वावरायच्या. मला यात विक्षिप्तपणापेक्षा हुशारी जास्त दिसते. रस्त्यावर कुणीही ओळखावं अशी चालतीबोलती जाहिरातच होती ती.

आता शहराकडे पाहू. ग्लासगो तेव्हा साम्राज्याचं दुसरं शहर म्हणून मिरवत होतं. क्लाइड नदीच्या काठावर जहाजं बांधली जात. १९०३मध्येच तिथल्या तीन कारखान्यांच्या एकत्रीकरणातून नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी उभी राहिली. तिची इंजिनं पुढे कित्येक वर्षं हिंदुस्थानातल्या रुळांवर धावली. लालबाग-परळच्या बाजूला ज्यांचं बालपण गेलं त्यांना फिनले मिल आठवत असेल. ती ज्या जेम्स फिनले कंपनीची, ती मूळची ग्लासगोचीच. गिरण्यांच्या जोडीला हिंदुस्थानात चहाचे मळेही तिच्या हाती होते. लिप्टन चहाचा थॉमस लिप्टन हाही याच शहराचा पोरगा. पहिलं दुकान त्यानं १८७१मध्ये इथेच थाटलं. ब्रिटनमध्ये हिंदुस्थानी चहानं चिनी चहाला मागे टाकलं ते १८८०च्या दशकाच्या शेवटी. थोडक्यात, चहा स्वस्त झाला होता, हाताशी होता, आणि त्याच्या व्यापारावर गबर झालेली माणसं गावातच राहत होती.

पण नुसता चहा स्वस्त होऊन चहाघरं चालत नाहीत. ग्लासगोचा खरा प्रश्न दारूचा होता. दुपारी कचेरीतून बाहेर पडलेल्या कारकुनानं जेवायचं कुठे? घर लांब. जवळ काय, तर गुत्ता. तिथे खायला मिळे ते पिण्याच्या निमित्तानं. दारूबंदीवाल्यांची चळवळ स्कॉटलंडमध्ये १८२९पासून होती, आणि १८५३च्या कायद्यानं तर रविवारी गुत्त्यांना टाळंच लागलं होतं. क्रॅन्स्टनांचे एक नातेवाईक एडिंबरोत दारू न देणारी हॉटेलं चालवत. तरीही उपदेशानं पेला सुटत नाही हे केटनं ओळखलं असावं. तिच्या चहाघरांत बिलियर्डची खोली होती, धूम्रपानाची खोली होती. गुत्त्यात पुरुषाला जे जे मिळतं ते दारू वगळून सगळं, आणि वर बसायला चांगली खुर्ची. सुधारणेचा हा प्रकार मला भाषणांपेक्षा पटतो.

बायकांचा प्रश्न याहून अवघड होता. एकट्या बाईनं किंवा दोन मैत्रिणींनी शहराच्या मध्यवस्तीत खरेदीला यावं आणि दोन घटका टेकावं अशी जागाच नव्हती. गुत्त्यात जाणं अब्रूचं नव्हे. हॉटेलच्या भोजनगृहात पुरुष सोबतीशिवाय शिरणं विचित्र दिसे. मोठी दुकानं बायकांना बाजारात ओढत होती, आणि बाजारात आलेल्या बाईला बसायला बाकसुद्धा नव्हतं. ही रिकामी जागा क्रॅन्स्टनबाईंनी हेरली.

मॅकिन्टॉशशी त्यांची गाठ पडली तेव्हा तो एका वास्तुकारांच्या कचेरीत नोकरीला होता आणि वय तिशीच्या आतलं होतं. त्यांनी त्याला एकदम सगळं घर आंदण दिलं नाही. आधी ब्यूकॅनन स्ट्रीटच्या नव्या चहाघरात भिंती रंगवायला सांगितलं. तिथलं फर्निचर आणि बाकीची सजावट जॉर्ज वॉल्टन करत होता. मॅकिन्टॉशनं गुलाबांच्या वेलींत गुरफटलेल्या उंच, सडपातळ स्त्रियांच्या रांगा भिंतीवर उमटवल्या. अर्गाइल स्ट्रीटच्या नूतनीकरणात, १८९८-९९मध्ये, काम उलटं वाटलं गेलं. भिंती वॉल्टनकडे, फर्निचर मॅकिन्टॉशकडे. त्याची ती प्रसिद्ध उंच पाठीची खुर्ची इथे जन्मली. जवळजवळ साडेचार फूट उंच, पाठीच्या माथ्यावर लंबगोल फळी, फळीत उडत्या पक्ष्याचा आकार कोरलेला. १९००मध्ये इंग्रम स्ट्रीटवरची बायकांची जेवणाची खोली पूर्णपणे त्याच्या हाती आली. त्याच वर्षी मार्गारेट मॅक्डोनाल्डशी त्याचं लग्न झालं, आणि त्या खोलीत दोघांनी समोरासमोरच्या भिंतींसाठी एकेक लांबलचक चित्रपट्टी केली. भिंत, मग खुर्ची, मग खोली. १९०३मध्ये संपूर्ण इमारत. गवंड्याला आधी कुंपणाचं काम देऊन हात पाहावा, तशी ही चढण आहे.

सॉकीहॉल स्ट्रीटच्या नावातच विलोची झाडं आणि कुरण आहे. विलो म्हणजे आपल्याकडे ओढ्याकाठी दिसणाऱ्या वाळुंजाच्या कुळातलं झाड. मॅकिन्टॉशनं तोच धागा धरला आणि चहाघराला 'विलो' हे नाव मिळालं. २१७ क्रमांकाची ती इमारत आधीपासून उभी होती. चार मजली, शेजारच्या दगडी घरांसारखीच. त्यानं तिचा दर्शनी भाग पुसूनच टाकला. गुळगुळीत पांढरा गिलावा, डावी-उजवी बाजू मुद्दाम वेगळी, पहिल्या मजल्यावर रस्त्याकडे किंचित फुगलेली आडवी लांब खिडकी. कोळशाच्या धुरानं काळवंडलेल्या शहरात पांढरी भिंत उभारायची म्हणजे ती सतत धुण्याचा खर्च आलाच. ज्याला हा खर्च परवडतो त्याची कपबशीही स्वच्छ असणार, असा संदेश त्या भिंतीतून न बोलता जात असेल.

२९ ऑक्टोबर १९०३ला दारं उघडली. आत शिरल्यावर पहिली, रस्त्यालगतची खोली बायकांची. पांढरी, रुपेरी, गुलाबी. तिच्यामागे दुपारच्या जेवणाचं दालन, गडद ओक लाकडाचं, राखी कापडाच्या तक्त्यांचं. त्याच्या वर, छपरातून उजेड घेणारा सज्जा. बायकांच्या खोलीवरती, पहिल्या मजल्यावर, 'सलोन द लुक्स' हे खास दालन. त्याच्याही वर पुरुषांच्या बिलियर्ड आणि धूम्रपानाच्या खोल्या.

ही मांडणी एकदा डोळ्यांसमोर आणून पाहावी. आपल्याकडच्या जुन्या हॉटेलांत बायकांसाठी 'फॅमिली रूम' असे. मागच्या बाजूला किंवा पोटमाळ्यावर, दाराला पडदा, बाहेरून कुणी दिसू नये आणि आतून कुणी पाहू नये अशी. सोय होती, पण लपण्याची. क्रॅन्स्टनबाईंनी बायकांना रस्त्याला लागून, दर्शनी बाजूला बसवलं आणि पुरुषांना हुक्क्यासारखा आपला धूर घेऊन वर पाठवलं. बिलियर्ड खेळायला जाणाऱ्याला आधी हा बायकांचा मजला ओलांडावा लागे. सन १९०३, मतदानाचा हक्क अजून पंधरा वर्षं दूर.

दर्शनी खोली आणि मागचं दालन यांच्या मध्ये एक अर्धगोल खुर्ची होती. तिची पाठ म्हणजे उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी; जाळीत नीट पाहिलं तर फांद्या पसरलेलं विलोचं झाड दिसतं. पुस्तकांत तिला शिल्प म्हणूनच छापतात. प्रत्यक्षात ती देखरेख करणाऱ्या बाईची बैठक होती. वाढणाऱ्या मुली तिच्याकडे गिऱ्हाइकांची मागणी आणत आणि ती नळीतून रंगीत गोळ्या खाली सोडून तळघरातल्या स्वयंपाकघराला कळवी. गोळीच्या रंगावरून पदार्थ ओळखायचा. ओरडा नाही, चिठ्ठ्यांची पळापळ नाही. हॉटेलचा गलका ज्यांनी ऐकला आहे त्यांना या शांततेची किंमत कळेल. आणि हेही कळेल की त्या जाळीतून बाईला दोन्ही दालनं दिसत होती.

सलोन द लुक्समध्ये चहा एक पेनी महाग होता. त्या पेनीत काय मिळे? रंगीत काच बसवलेली उंच जोडदारं. पुढे लांबट, किंचित कमानदार छताची खोली. रस्त्याकडची बाजू जवळजवळ सगळी खिडकीच. भिंतीच्या खालच्या भागाला जांभळट राखी रेशीम, वर आरशांची आणि रंगीत काचांची पट्टी खोलीभर फिरलेली. त्या आरशांत समोरची खिडकी, टोप्या, माना, चहाची वाफ यांचे तुकडे पडत. मधल्या टेबलांभोवती रुपेरी रंगाच्या आठ उंच खुर्च्या, त्यांच्या पाठीत जांभळ्या काचेचे चौकोन जडवलेले. कडेच्या खुर्च्या बुटक्या, म्हणजे भिंत झाकली जाऊ नये. वर काचेच्या गोळ्यांचं झुंबर. वाढणाऱ्या मुलींचा पांढरा पोशाख आणि गळ्यातल्या टपोऱ्या मोत्यांच्या माळासुद्धा खोलीशी जुळणाऱ्या. चमचे, काटे, फुलदाणी, काही सुटलं नव्हतं.

या खुर्च्यांवर बसणं सुखाचं आहे का, हा प्रश्न सगळेच विचारतात. माझं उत्तर असं की तासभर बसायला त्या केलेल्याच नव्हत्या. पाठ सरळ राहते, रेलता येत नाही. पण चार उंच पाठी एका टेबलाभोवती आल्या की भरल्या दालनात एक छोटी खोली तयार होते. बसलेलीचं डोकं त्या चौकटीत येतं, शेजारच्या टेबलाचं बोलणं थोडं लांब जातं. पडदा न लावता आडोसा. आणि टेबलं वेळेवर रिकामी होतात, हा फायदा मालकिणीच्या नजरेतून सुटला असेल असं मला वाटत नाही.

या खोलीतली सगळ्यात मोलाची वस्तू मार्गारेटची आहे. गेसो म्हणजे खडू आणि सरसाचा लेप. तो उठावदार थापून, त्यावर दोऱ्यासारख्या रेषा ओढून, काचेचे मणी रोवून तिनं एक उभं चित्र केलं. डँटे गॅब्रिएल रोझेटीच्या विलोवनावरच्या सुनीतांतून त्याचा विषय आला. विरहात झुरणाऱ्या फिकट स्त्रिया. एखाद्या चहाघराच्या भिंतीवर इतकं उदास चित्र टांगायचं धाडस आज कुठला मालक करेल? मार्गारेटचं नाव मात्र फार काळ 'श्री. मॅकिन्टॉश यांच्या पत्नी' याच ओळीत राहिलं. स्वतः मॅकिन्टॉशचं मत वेगळं होतं. १९२७मध्ये तिला लिहिलेल्या पत्रात त्यानं कबूल केलं आहे की आपल्या वास्तुकामात अर्धा, कदाचित त्याहून मोठा वाटा तिचा आहे. रंगांची ती मंद, गुलाबी-रुपेरी जाण आणि खोलीभर पसरलेली ती स्त्री-आकृतींची छाया पाहिली की हे केवळ नवऱ्याचं प्रेम बोलत नाही हे पटतं.

जर्मन नियतकालिकांनी १९०५मध्ये या चहाघराचे फोटो छापले. व्हिएन्नात तर मॅकिन्टॉश दांपत्याचा बोलबाला १९००च्या प्रदर्शनापासूनच होता. घरी मात्र गिऱ्हाईक चहा पिऊन, नवलानं मान हलवून निघून जाई. चहाघर हा कलेचा सगळ्यात स्वस्त प्रवेश होता, हे त्याचं यश म्हणावं लागेल. पण 'स्वस्त' या शब्दाला मर्यादा आहेत. १९११च्या जनगणनेत ग्लासगोचे निम्म्याहून जास्त लोक एका किंवा दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत राहत होते. त्या बिऱ्हाडांतली, कापडाच्या गिरणीत दिवसभर उभी राहणारी मुलगी सलोन द लुक्समध्ये आलीच तर मोत्यांची माळ घालून, हातात तबक घेऊन. क्रॅन्स्टनबाईंनी उघडलेलं दार मध्यमवर्गीय बायकांचं होतं. ते उघडायला हवंच होतं. सगळ्यांसाठी उघडलं असं मात्र कुणी सांगू नये.

मॅकिन्टॉशची कामं पुढे आटत गेली. १९१४मध्ये त्यानं ग्लासगो सोडलं. क्रॅन्स्टनबाईंनी त्याला सोडलं नाही. महायुद्धाच्या धामधुमीत, १९१७मध्ये, विलोच्या तळघरात त्यांनी त्याच्याकडून एक नवी खोली करून घेतली. नाव 'डग-आउट', म्हणजे खंदकातला निवारा. गडद भिंती, त्यावर भडक रंग. दोघांचं एकत्र केलेलं ते शेवटचं काम. त्याच वर्षी कॉक्रेन वारले, आणि बाईंचं मन धंद्यातून उडालं. एकेक चहाघर विकलं गेलं. विलो शेजारच्या मोठ्या कापड दुकानाच्या पोटात गेलं आणि तिथे वर्षानुवर्षं मालाच्या गर्दीत उभं राहिलं. मॅकिन्टॉश १९२८मध्ये लंडनमध्ये वारला, मार्गारेट १९३३मध्ये. मागे राहिलेल्या सगळ्या चीजवस्तूंची सरकारी किंमत झाली अठ्ठ्याऐंशी पौंड, सोळा शिलिंग, दोन पेन्स. त्यांत चार खुर्च्या होत्या. चारींचा मिळून एक पौंड. क्रॅन्स्टनबाई १९३४मध्ये गेल्या आणि संपत्तीचा मोठा वाटा शहरातल्या गरिबांना ठेवून गेल्या.

नंतरची कथा आपल्याला ओळखीची वाटेल अशी. इंग्रम स्ट्रीटच्या खोल्या १९५०मध्ये महापालिकेनं विकत घेतल्या, दुकानदारांना भाड्यानं दिल्या, आणि १९७१मध्ये उकलून गोदामात ठेवल्या. तिथली ओकची खोली शेकडो तुकडे जुळवून २०१८मध्ये डंडीच्या नव्या व्ही अँड ए संग्रहालयात पुन्हा उभी राहिली. त्याच उन्हाळ्यात, विलोची जुनी इमारत मोठ्या दुरुस्तीनंतर पाहुण्यांसाठी सज्ज होत असताना, काही मिनिटांच्या अंतरावरचं मॅकिन्टॉशचं ग्लासगो स्कूल ऑफ आर्ट चार वर्षांत दुसऱ्यांदा आगीत सापडलं आणि या वेळी जवळजवळ सगळंच गेलं. चहाघर वाचलं. २०२४मध्ये ते नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडच्या ताब्यात आलं. चहा अजून मिळतो, खुर्च्या नव्यानं केलेल्या आहेत.

दुरुस्तीनंतर पाटी लागली ती 'मॅकिन्टॉश अॅट द विलो' अशी. २००९मध्ये क्लाइड्सडेल बँकेनं शंभर पौंडांच्या नोटेवर मॅकिन्टॉशला छापलं होतं. केट क्रॅन्स्टन नोटेवर यायला आणखी अकरा वर्षं लागली. मार्च २०२०मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडनं वीस पौंडांची नोट काढली, तिच्यावर बाई आहेत. शंभराची नोट स्कॉटलंडमध्येही क्वचित कुणाच्या हाताला लागते. विसाची मात्र रोज गल्ल्यात पडते, आणि बाईंना गल्ल्यातच राहायला आवडलं असतं.